हळदीच्या पट्टीतला क्ष

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. पोती किती, वजन किती, दर काय लागला, हमाली-तोलाई किती गेली, गाडीभाडं किती कापलं, आणि सगळ्यांत खाली हातात येणारी रक्कम. गेल्या हंगामात माझ्याकडे शिकवणीला येणारी आठवीतली एक मुलगी अशीच एक पट्टी घेऊन आली. वडिलांच्या खिशात घामानं कागद भिजला होता आणि नेमकी दराच्या जागेची शाई पसरली होती. वडील परत रानात गेलेले, आणि घरी आजोबा विचारत बसलेले, दर काय लागला म्हणून.

"काकू, ह्याच्यावरनं दर काढता येतोय का?"

बाकीचे आकडे नीट दिसत होते. इथे मी ते थोडे सोपे करून घेते. ८ पोती, वजन ४ क्विंटल. हमाली आणि तोलाई मिळून २४० रुपये. गाडीभाडं १,२०० रुपये. हातात आले ५४,५६० रुपये.

मी काही सांगायच्या आत तिनं तोंडीच सुरुवात केली. गाडीभाडं कापलंय, ते परत मिळवायचं, म्हणजे ५५,७६०. हमाली-तोलाई परत मिळवायची, म्हणजे ५६,०००. एवढे पैसे चार क्विंटलचे, म्हणून भागिले चार. चौदा हजार. एका क्विंटलला चौदा हजार रुपये दर.

आदल्याच दिवशी ही मुलगी मला म्हणाली होती, "काकू, शाब्दिक उदाहरणं मला जमंनातच." आणि आत्ता तिनं एक अख्खं शाब्दिक उदाहरण माझ्यासमोर सोडवलं होतं. फरक एवढाच होता की त्यात कुठे "क्ष मानू" असं लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मग मी तिच्या वहीत तीच पट्टी एका ओळीत लिहिली:

४क्ष − २४० − १,२०० = ५४,५६०

ही ओळ म्हणजे पट्टीच आहे. क्ष ही शाई पसरलेली जागा. एका क्विंटलचा दर क्ष, म्हणून चार क्विंटलचे ४क्ष. त्यातून दोन रकमा गेल्या आणि उरले ते ५४,५६०. बीजगणिताच्या पुस्तकातली जवळजवळ प्रत्येक सुरुवातीची कसरत ही अशीच पुसलेली पट्टी असते, फक्त पुस्तकात पुसलेली जागा कोणती ते आपल्याला आधी ओळखावं लागतं.

क्ष म्हणजे कोण हे मुलांना सांगताना आपण फार घाई करतो. "समजा क्ष" म्हणून पुढे जातो. मुलांच्या वह्यांत मी कितीतरी वेळा वाचलं आहे, "क्ष = हळद", "क्ष = आई". हळद क्ष नसते. क्ष हा आकडा आहे. "क्ष = एक क्विंटल हळदीचा दर, रुपयांत" असं पूर्ण वाक्य लिहिलं पाहिजे, आणि ते कशात मोजलं आहे तेही लिहिलं पाहिजे. माझ्याकडच्या मुलांनी हे पहिलं वाक्य लिहिल्याशिवाय मी पुढची ओळ तपासतच नाही. निम्मी चुकलेली उदाहरणं या एका वाक्याच्या आळसामुळे चुकतात, असं इतक्या वर्षांनी माझं ठाम मत झालं आहे.

या न कळलेल्या आकड्याला नाव देण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्य, म्हणजे इ.स. १११४ साली जन्मलेले दुसरे भास्कराचार्य, त्याला "यावत्तावत्" म्हणत. जेवढं असेल तेवढं. लिहिताना त्याचं नुसतं "या" व्हायचं. दुसरी अज्ञात संख्या आली तर कालक, तिसरी आली तर नीलक, पुढे पीतक, रंगांची नावं. बीजगणिताला त्या काळी अव्यक्त गणित असंही म्हणत. अजून व्यक्त न झालेल्या संख्येचं गणित. हे नाव मला फार आवडतं, कारण संख्या कुठे गेलेली नसते, ती तिथेच असते, फक्त अजून दिसलेली नसते. आज पाठ्यपुस्तकात इंग्रजी अक्षर छापलेलं असतं आणि बोलताना आपण त्यालाच क्ष म्हणतो. मनातल्या मनात तुम्ही त्याला "जेवढं असेल तेवढं" म्हणून बघा. ४क्ष म्हणजे चार वेळा जेवढं असेल तेवढं.

आता त्या मुलीनं तोंडी काय केलं ते पुन्हा बघू. पट्टी लिहिताना क्रम असा होता: दराला ४ ने गुणलं, २४० वजा केले, १,२०० वजा केले. तिनं उलट्या क्रमानं उलट्या क्रिया केल्या: १,२०० मिळवले, २४० मिळवले, ४ ने भागलं. शेवटी जे झालं ते आधी उलगडायचं. भास्कराचार्यांनी लीलावतीत ही रीत दिली आहे, तिला विलोमविधी म्हणतात: गुणाकार असेल तिथे भागाकार करा, भागाकार असेल तिथे गुणाकार, ऋण असेल तिथे धन, धन असेल तिथे ऋण. त्यांच्याही साडेसहाशे वर्षं आधी आर्यभटांनी हेच सांगून ठेवलं होतं. बगदादमध्ये नवव्या शतकात अल्-ख्वारिझ्मींनी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातल्या "अल्-जब्र" या शब्दावरून बीजगणिताचं इंग्रजी नाव आलं. त्या शब्दाचा अर्थ तुटलेलं पूर्ववत करणं. मोडलेलं हाड जागेवर बसवण्यालाही अरबीत तोच शब्द. समीकरणात वजा झालेली रक्कम परत मिळवून भरून काढणं म्हणजे जब्र. मुलीनं गाडीभाडं परत मिळवलं, ते अगदी हेच.

शाळेत मात्र हे सगळं एका वाक्यात उरकतं: बाजू बदलली की चिन्ह बदलतं. माझ्याही शाळेत तेच सांगितलं गेलं आणि का बदलतं ते कुणी सांगितलं नाही. हे वाक्य खोटं नाही, पण ते आधी सांगितलं की घात होतो. ४क्ष = ५६,००० इथपर्यंत येऊन मुलं लिहितात, क्ष = ५६,००० − ४. चार बाजू बदलून गेला ना, मग चिन्ह बदललं! चार हा क्षला गुणत होता, मिळवलेला नव्हता, त्यामुळे त्याला उलगडायचं तर भागावं लागतं. पण नियम पाठ असला की मूल चिन्हाकडे बघतं, क्रियेकडे बघत नाही. त्याऐवजी ओळ अशी लिहायला लावावी:

४क्ष − २४० − १,२०० = ५४,५६०
दोन्ही बाजूंना १,२०० मिळवू: ४क्ष − २४० = ५५,७६०
दोन्ही बाजूंना २४० मिळवू: ४क्ष = ५६,०००
दोन्ही बाजूंना ४ ने भागू: क्ष = १४,०००

वेळ लागतो, हात दुखतो, मुलं कुरकुर करतात. महिनाभर लिहू द्या. मग ती आपोआप मधली ओळ गाळायला लागतात, आणि तेव्हा गाळली तर चालते.

पट्टी उलटी वाचून भागत नाही तेव्हा

इथे एक प्रामाणिक प्रश्न येतो, आणि हुशार मुलं तो विचारतातच. तोंडी उलटं वाचून उत्तर येत असेल तर क्ष हवा कशाला?

उत्तर असं की उलटं वाचणं तेव्हाच चालतं, जेव्हा न कळलेला आकडा गोष्टीत एकदाच येतो. तो दोन ठिकाणी आला की उलटा रस्ताच उरत नाही. वयाचं उदाहरण घ्या.

आज आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. ५ वर्षांपूर्वी ते मुलीच्या वयाच्या चौपट होतं. तर दोघींची आजची वयं किती?

कुठून उलटं वाचणार? शेवटची रक्कमच दिलेली नाही. दोन वाक्यं आहेत आणि दोन्हीत मुलीचं वय लपलेलं आहे. इथे क्षशिवाय गत्यंतर नाही.

क्ष = मुलीचं आजचं वय, वर्षांत. मग आईचं आजचं वय ३क्ष. पाच वर्षांपूर्वी मुलगी क्ष − ५ वर्षांची होती आणि आई ३क्ष − ५. आई तेव्हा चौपट होती, म्हणून

३क्ष − ५ = ४(क्ष − ५)

हा कंस बघा. चौपट कशाची? तेव्हाच्या वयाची, म्हणजे अख्ख्या क्ष − ५ ची. शिकवणीतला एक मुलगा कंस न घालता ४क्ष − ५ लिहून मोकळा झाला. मग त्याचं समीकरण ३क्ष − ५ = ४क्ष − ५ असं झालं, आणि त्यातून क्ष = ० आला. मुलीचं वय शून्य, आईचंही शून्य. मी त्याला चूक आहे असं म्हटलं नाही, फक्त उत्तर मोठ्यानं वाचायला सांगितलं. वाचता वाचताच तो थांबला आणि कंस घालायला परत वर गेला.

कंस असेल तर उजवी बाजू ४क्ष − २० होते.

३क्ष − ५ = ४क्ष − २०

आता दोन्हीकडे क्ष आहे. ही जागा समजायला तराजू लागतो. किराणा दुकानातला जुना दोन पारड्यांचा तराजू डोळ्यांसमोर आणा. काटा मध्यावर आहे. दोन्ही पारड्यांतून एकसारखं काहीही काढलं किंवा दोन्हीत एकसारखं काहीही टाकलं तरी काटा हलत नाही. काढलेली वस्तू किती किलोची आहे हे माहीत नसलं तरी चालतं, दोन्हीकडून तीच काढली म्हणजे झालं. म्हणून दोन्ही बाजूंतून ३क्ष काढता येतात, ते किती आहेत हे ठाऊक नसताना.

−५ = क्ष − २०

दोन्ही बाजूंना २० मिळवू: १५ = क्ष. मुलगी १५ वर्षांची, आई ४५ वर्षांची. पाच वर्षांपूर्वी १० आणि ४०. चौपट. जुळलं.

न कळलेली गोष्ट कळलेल्या गोष्टीसारखी वागवायची, उचलायची, ठेवायची, वजा करायची, हीच बीजगणितातली खरी उडी आहे. इथे मुलाला आठवडा लागला तर लागू द्यावा.

जाता जाता, बरोबरचं हे चिन्ह तुलनेनं अलीकडचं आहे. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानं ते पहिल्यांदा छापलं. दोन समांतर रेघा, कारण त्यांच्याइतकं सारखं दुसरं काही नाही असं त्याला वाटलं. भास्कराचार्य तर दोन बाजू एकीखाली एक लिहीत. मुलं बरोबरच्या चिन्हाचा अर्थ "आता उत्तर येणार" असा घेतात, कॅल्क्युलेटरवरच्या बटणासारखा. तो अर्थ पुसून "ही बाजू आणि ती बाजू सारख्याच वजनाच्या" हा अर्थ बसला की पुढचं खूप सोपं होतं.

मराठी वाचता आली पाहिजे

शाब्दिक उदाहरणात गणित थोडं असतं, मराठी जास्त असते. समीकरण सोडवणं पंधरा दिवसांत येतं. वाक्याचं समीकरण करायला मात्र प्रत्यय नीट वाचावे लागतात, आणि ते गणिताच्या तासाला कुणी शिकवत नाही.

"एका संख्येच्या दुपटीपेक्षा ३ ने कमी" आणि "एका संख्येपेक्षा ३ ने कमी असलेल्या संख्येची दुप्पट". शब्द जवळजवळ तेच. पहिलं २क्ष − ३, दुसरं २(क्ष − ३). संख्या १० धरली तर पहिल्याचं उत्तर १७, दुसऱ्याचं १४. पहिल्यात आधी दुप्पट झाली, मग तीन गेले. दुसऱ्यात आधी तीन गेले, मग उरल्याची दुप्पट झाली. मराठीत शेवटी येणारा शब्द बहुतेक वेळा शेवटची क्रिया सांगतो. "ची दुप्पट" शेवटी आली की दुप्पट शेवटी करायची, आणि तिच्या आधीचं सगळं कंसात.

"ने" आणि "पट" यांतही गल्लत होते. "३ ने जास्त" म्हणजे क्ष + ३. "तिप्पट" म्हणजे ३क्ष. आणि "५ मधून एक संख्या वजा केली" म्हणजे ५ − क्ष, क्ष − ५ नव्हे. ज्याला "मधून" लागलं तो आधी लिहायचा.

सगळ्यांत दगा देणारं वाक्य मात्र दिसायला अगदी साधं असतं. साखर कारखान्याच्या गव्हाणीकडे ऊस घेऊन आलेल्या ट्रॅक्टरांची संख्या बैलगाड्यांच्या संख्येच्या सहापट आहे. ट्रॅक्टर ट, बैलगाड्या ब. समीकरण लिहा.

वर्गातली बरीच मुलं लिहितात, ६ट = ब. मोठी माणसंसुद्धा. "सहा ट्रॅक्टर, एक बैलगाडी" असं चित्र डोळ्यांपुढे येतं आणि सहा हा आकडा ट्रॅक्टरला चिकटतो. उपाय फार साधा आहे: खोटे आकडे घालून बघा. बैलगाड्या १० असतील तर ट्रॅक्टर ६०. ६ गुणिले ६० बरोबर १० होतात का? नाही. ६० बरोबर ६ गुणिले १०. म्हणून ट = ६ब. सहा हा कमी असलेल्याला लावावा लागतो, तेव्हा कुठे तो जास्त असलेल्याच्या बरोबरीला येतो. समीकरण लिहिलं की एकदा खोटे आकडे घालून त्याला विचारायचं, ही सवय मी मुलांना पाढ्यांसारखी लावते.

आपल्या भाषेची एक श्रीमंतीही आहे, ती वापरली पाहिजे. सव्वा, दीड, पाऊण, अडीच, पावणे, साडे. हे सगळे तयार अपूर्णांक आहेत. खरेदीच्या सव्वापट किमतीला विकलं म्हणजे क्ष + क्ष/४. पावणेदोनपट म्हणजे २क्ष − क्ष/४. "पावणे" या शब्दातच पाव कमी आहे आणि "सव्वा" या शब्दात पाव जास्त. घरी आजी "पावणेदोनशे" म्हणते तेव्हा ती दोनशेतून पंचवीस वजा करत असते. ज्या मुलांच्या कानांवर हे शब्द आहेत त्यांना अपूर्णांकांची समीकरणं सोपी जातात. हल्ली ते शब्द घरांतून कमी ऐकू येतात, याची मला खंत आहे.

कृष्णेचं पाणी

एककाचं महत्त्व मला पुस्तकापेक्षा नदीनं शिकवलं. पावसाळ्यात सांगलीतलं प्रत्येक घर एक समीकरण सोडवत असतं. १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि तेव्हापासून ऑगस्टमध्ये हे दोन आकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतात.

समजा सकाळी ६ वाजता पाणी ३४ फुटांवर आहे आणि तासाला ३ इंच चढतंय. ४० फुटांवर कधी पोहोचेल?

घाईत असं लिहिलं जातं: ३४ + ३क्ष = ४०, म्हणून क्ष = २. दोन तासांत. सकाळी आठला! हे उत्तर घेऊन कुणी गल्लीत गेलं तर पळापळ होईल. चूक एवढीच की ३४ फूट आहेत आणि ३ इंच आहेत. फुटांत इंच मिळवता येत नाहीत. एक फूट म्हणजे १२ इंच, म्हणून ३ इंच म्हणजे पाव फूट.

क्ष = सकाळी ६ पासूनचे तास.
३४ + क्ष/४ = ४०
क्ष/४ = ६
क्ष = २४

दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता. तिथून धोका पातळी आणखी ५ फूट, म्हणजे आणखी २० तास. गुरं हलवायला, धान्य माडीवर चढवायला, म्हाताऱ्या माणसांना नातेवाइकांकडे पोहोचवायला पूर्ण दिवस हाताशी आहे.

या समीकरणात एक गोष्ट आपण गृहीत धरली आहे: पाणी दर तासाला सारखंच चढतंय. नदी तसं वचन देत नाही. वर पाऊस वाढला, धरणातून विसर्ग वाढला की तासाचे ३ इंच ५ होतात. मग समीकरण चूक ठरत नाही, ते जुनं होतं. नवी पातळी, नवा वेग घेऊन पुन्हा मांडायचं. पुलापाशी लोक तासातासाला बघायला जातात ते त्यासाठीच.

भुंग्यांचं उदाहरण

लीलावतीतलं एक उदाहरण मी दर वर्षी घेते. भुंग्यांच्या एका थव्यातले एक पंचमांश कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर गेले. या दोन संख्यांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजाच्या झाडावर गेले. एक भुंगा केतकी आणि मालतीच्या सुगंधात इकडे तिकडे घिरट्या घालत राहिला. तर थवा किती भुंग्यांचा?

क्ष = थव्यातले एकूण भुंगे. सगळे मिळून क्षच झाले पाहिजेत:

क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष

अपूर्णांक बघून घाबरायचं नाही. ५ आणि ३ या दोघांनी भाग जाणारी सगळ्यांत लहान संख्या १५. दोन्ही बाजूंतल्या प्रत्येक पदाला १५ ने गुणू. प्रत्येक पदाला, त्या एकट्या भुंग्यालासुद्धा. बहुतेक मुलं नेमकं त्यालाच विसरतात.

३क्ष + ५क्ष + ३(५क्ष − ३क्ष) + १५ = १५क्ष
८क्ष + ६क्ष + १५ = १५क्ष
१४क्ष + १५ = १५क्ष
क्ष = १५

पडताळा: ३, ५, फरक २, त्याची तिप्पट ६, आणि एक. एकूण १५.

अशा उदाहरणांसाठी भास्कराचार्यांची इष्टकर्म नावाची एक रीत आहे, ती मला क्षइतकीच देखणी वाटते. सोयीची कोणतीही संख्या धरा, समजा ३०. मग ६, १०, फरकाची तिप्पट १२. एकूण २८ गेले, उरले २. पण उरायला हवा होता १, म्हणजे अर्धा. तर थवाही अर्धा, १५. हे चालतं, कारण इथे सगळेच भाग थव्याच्या प्रमाणात आहेत. थवा दुप्पट तर उरलेलेही दुप्पट. पट्टीच्या उदाहरणात ही रीत चालणार नाही, कारण दर दुप्पट झाला म्हणून गाडीभाडं दुप्पट होत नाही. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून हे मुलांना शोधायला लावावं. माझ्याकडे ते एका मुलानं स्वतःच शोधलं, आणि त्या संध्याकाळी मी पुढचं काही शिकवलं नाही.

दोन क्ष आले तर

तासगावहून बेदाण्याचा टेम्पो आला. त्यात १५ किलोच्या आणि १० किलोच्या मिळून ६० पेट्या आहेत. एकूण वजन ७८० किलो. कोणत्या किती?

क्ष = १५ किलोच्या पेट्या, य = १० किलोच्या पेट्या. दोन गोष्टी माहीत नाहीत, म्हणून दोन समीकरणं लागतात. एक मोजणीचं, एक वजनाचं.

क्ष + य = ६०
१५क्ष + १०य = ७८०

आधी बिनाक्षरी रीत. समजा सगळ्याच पेट्या १० किलोच्या असत्या, तर वजन ६०० किलो भरलं असतं. भरलंय ७८०, म्हणजे १८० जास्त. एक लहान पेटी काढून तिथे मोठी ठेवली की ५ किलो वाढतात. १८० वाढायला ३६ पेट्या बदलाव्या लागतील. मोठ्या ३६, लहान २४.

आता पुस्तकातली रीत. पहिल्या समीकरणाला १० ने गुणलं: १०क्ष + १०य = ६००. दुसऱ्यातून हे वजा केलं की य जातो आणि ५क्ष = १८० उरतं, क्ष = ३६. पुस्तक याला लोप करणं म्हणतं. नीट बघा, "१० ने गुणलं" म्हणजेच "सगळ्या पेट्या १० किलोच्या धरल्या", आणि "वजा केलं" म्हणजेच "१८० जास्त भरलं". दोन रीती नाहीतच, एकच आहे, एकदा बोललेली आणि एकदा लिहिलेली. मुलांना हे दाखवलं की लोप करण्याच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

पडताळा दोन्ही समीकरणांत करायचा, एकात करून भागत नाही. ३६ आणि २४ मिळून ६०. ५४० आणि २४० मिळून ७८०.

त्या हळदवाल्या मुलीनं इथे मला एक प्रश्न विचारला. "काकू, काट्यावर ७८२ भरलं असतं तर?" तिला म्हटलं, करून बघ. ५क्ष = १८२, क्ष = ३६.४. ती वहीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "सदतीसावी पेटी अर्धीपण भरंना."

समीकरणात कुठेही चूक नव्हती. पायऱ्या बरोबर होत्या. पण पेट्या पूर्णांकातच असतात, त्यामुळे ३६.४ हे उत्तर टेम्पोबद्दल काही सांगत नाही. ते एवढंच सांगतं की दिलेल्या आकड्यांतला एखादा खरा नाही. एक तर पेट्या मोजताना चूक झाली, नाही तर एखाद्या पेटीत १५ किलोपेक्षा कमी-जास्त माल भरला आहे, नाही तर काटा तपासायला हवा.

"मग काय करायचं?" शेजारच्या मुलानं विचारलं.

"टेम्पो परत काट्यावर घ्यायचा," ती म्हणाली.